टँकची बाटली

आमच्या घरात वोडकाची बाटली आली ती माशांसाठी. हसा खुशाल. मीही हसले असते, पण माझा नवरा नऊ वर्षं प्यायचा आणि त्याची दारू सुटून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

दारू सुटल्यावर रिकाम्या हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून त्यानं हा खाऱ्या पाण्याचा टँक घेतला. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून, माणूस आडवा झोपेल एवढा लांब. आत जांभळे-हिरवे प्रवाळ आणि नारिंगी माशांचं एक जोडपं. आमची लेक त्यांना काका-काकू म्हणायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून घरी आला, की हातपाय धुऊन थेट टँकपुढे. पाणी इतकं नितळ ठेवायचा की मासे हवेत लटकलेत असं वाटायचं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. केसाएवढा ओरखडाही माझ्या नजरेतून सुटत नाही, पण त्याच्या पाण्यात मला कधी खोट सापडली नव्हती.

मग प्रवाळांवर शेवाळ धरायला लागलं. माशांच्या दुकानाचा मालक तोंड मिटतच नाही, म्हणून सगळे त्याला बुडबुडे म्हणतात. त्यानं उपाय सांगितला वोडका! रोज एक मिली, सिरिंजनं मोजून. पाण्यातले जंतू ती खातात, वाढतात आणि वाढताना घाण गिळून टाकतात. बरेच लोक करतात म्हणे.

"जगात दुसरं औषध नाही का?" मी विचारलं.

"आहे. पण हे लवकर लागू पडतं." माझ्याकडे न बघता नवरा म्हणाला, "तू नको म्हणालीस तर नाही आणत."

आता यावर काय बोलायचं? नको म्हणावं तर तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आण की. मला काय त्याचं!" मेली माझी जीभ.

बाटली टँकखालच्या कपाटात गेली. त्याच दिवशी तो अंघोळीला गेल्यावर मी लेबलवर, दारूच्या पातळीला धरून, नेलपॉलिशचं लाल टिंब दिलं. मोहरीएवढं. लाज वाटली का? वाटली. तरी दिलं. कारण दोन वर्षांपूर्वी मी त्याला बजावलं होतं, "पुन्हा एक थेंब घेतलास तर लेकीला घेऊन दादाकडे जाईन, आणि परत येणार नाही." मी बोलते तसं करते, हे त्याला ठाऊक होतं. मलाही.

आठवड्याभरात पाणी गढूळलं. आधी तांदूळ धुतल्यासारखं झालं. मग त्यात पांढरे धागे तरंगायला लागले, काचेला लोंबायला लागले.

"हे काय?" मी विचारलं.

"होतं कधीकधी. गाळणीची पिशवी बदलली की जाईल."

पिशवी बदलली. गेलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वाळू ढवळली गेली असेल. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू खोलीत कसला फवारा मारलास का?"

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. प्यायचा तेव्हा अगदी असंच चालायचं. एका प्रश्नाला तीन उत्तरं, आणि तिसऱ्यात दोष माझा! आणि तेव्हाही सुरुवात आळसापासूनच व्हायची. आधी दाढी वाढायची, मग हत्यारं गंजायची, मग कामावरून फोन यायचे. आता पाणी गढूळ. कुठेतरी पाणी मुरतंय, मी स्वतःशी म्हटलं आणि कपाट उघडलं.

बाटली टिंबाच्या तीन बोटं खाली गेली होती.

आठ दिवसांचे आठ मिली म्हणजे दोन चमचेसुद्धा होत नाहीत. तीन बोटं! मी कपाट होतं तसं लावलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. पण त्या दिवसापासून त्याचे शर्ट हुंगले, उशी हुंगली, घरातला एकेक पेला हुंगला. कॉलर नीट करायच्या निमित्तानं तोंडाजवळ गेले तर पुदिन्याचा वास. पुदिन्याची गोळी! तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस पुदिना कधी चघळतो, हे मला कुणी शिकवायला नको.

मी खाली दुसरं टिंब दिलं. दोन दिवसांत बाटली त्याच्याही बोटभर खाली. हे होतं कधी? संध्याकाळी लेकीला पोहण्याच्या क्लासहून आणायला मी जाते. वीस मिनिटं. घरात तो एकटा. शुक्रवारी मी निम्म्या वाटेतून मागे फिरले. तो टँकपुढे उभा होता, कपाट उघडं, डोळे लाल.

"काय करतोयस?"

"काही नाही," तो दचकून म्हणाला. "बघत होतो."

मी जिन्यात जाऊन दादाला फोन लावला. उद्या गाडी घेऊन ये म्हटलं. माझ्या भावानं का म्हणून विचारलं नाही, याचंच मला रडू आलं.

शनिवारी नवऱ्याला लिफ्टच्या कामाचं बोलावणं आलं आणि मी बॅग भरली. तेवढ्यात लेक रडत आली. काका-काकू वर येऊन तोंड उघडतायत, मिटतायत. "आई, काहीतरी कर ना!" खरं तर मासे त्याचे, त्यानंच निस्तरावं. पण जीव तो जीव. लेकीला शेजाऱ्यांकडे बसवलं, बरणीभर पाणी घेतलं आणि बुडबुडेचं दुकान गाठलं.

त्यानं बरणी उजेडात धरली आणि जन्मात पहिल्यांदा गप्प झाला.

"वहिनी, रोज किती घालतो तो?"

"एक मिली."

"छे! एक मिलीनं असं होत नाही. ही ओतलीय, धो धो. जंतू इतके माजलेत की पाण्यातली हवा तेच खातायत. मासे गुदमरतायत."

मी बरणीकडे बघत राहिले. तरी माझं मन बघा! मी विचारलं, "अर्धी पाण्यात आणि अर्धी त्याच्या पोटात, असं असेल तर?"

"बाटली किती उतरलीय?"

"चार बोटं."

"मग चारही बोटं पाण्यातच आहेत. त्याहून कमीनं एवढा टँक असा दुधाळ होत नाही." मग तो हळूच म्हणाला, "तो प्यायचा, हे मला माहीत नव्हतं हो. नाहीतर सांगितलंच नसतं."

घरी आले तर दादा सोफ्यावर, बॅग त्याच्या पायाशी, आणि नवरा कामाच्या कपड्यांतच बॅगेसमोर उभा.

"टँकमध्ये ओतत होतास?" मी विचारलं.

त्यानं होकारार्थी मान डोलावली. "मिली मोजायला झाकण काढायचो आणि वास यायचा. मग सिरिंज बाजूलाच राहायची. बाटली इथवर यायची." त्यानं हनुवटीला हात लावला. "तिथून मी तोंडाशी आलेला घोट पाण्यात ओतायचो आणि तो वास जावा म्हणून पुदिन्याची गोळी चघळायचो. रोज."

"अरे, मग सिंकमध्ये ओतून मोकळं व्हायचं! मासे मारायला निघालास!"

"सिंक नऊ पावलांवर आहे," तो म्हणाला. "मोजलीत मी. उघडी बाटली घेऊन नऊ पावलं मला जमली नसती. टँक हाताशी होता."

दादा खाली बघायला लागला.

"मग मला सांगायचंस."

"काय सांगणार? तुझं टिंब मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

दादा उठला, बाह्या वर केल्या आणि विचारलं, "पाणी बदलायला बादल्या कुठे आहेत? आणि मीठ किती घालायचं ते सांग." नवऱ्यानं सांगितलं. हवेचा पंप काढून दिला. काका तळाकडे वळला. काकू अजून वरच होती.

मग मी कपाटातून बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या हातात दिली. त्याच्या पाठीवर हात ठेवून चालायला लागले. सहाव्या पावलाला तो थांबला, मीही थांबले. दादाच्या हातातली बादली तशीच राहिली. मग उरलेली तीन पावलं आम्ही टाकली आणि त्यानं बाटली सिंकमध्ये उलटी धरली. शेवटचा थेंब पडेपर्यंत.

रिकामी बाटली ठेवून तो माझ्याकडे वळला आणि न सांगता तोंड उघडलं. वास घे म्हणून.

नको रे, असं म्हणायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मी घेतला. पुदिन्याचाच होता.