शिल्लक राहिलेला चेहरा

सुप्याच्या त्या कारखान्यात मोबाइलच्या काचा घासून चकचकीत करणाऱ्या बायकांचे चेहरे काचांवर उतरत. एकदम नाही. आधी भुवया जायच्या, मग गालावरचे तीळ, हनुवटीवरचं गोंदण, आणि वर्ष-दीड वर्षात सगळंच. वैजंताचा चेहरा दिवाळीच्या तोंडावर संपला. तिला दिसायचं, ऐकू यायचं, भाकरीही खाता यायची; समोरच्याला मात्र तिथं काही दिसत नसे. लाइनवरच्या सगळ्यांचीच ती गत, त्यामुळे कामावर कुणी त्याचं फारसं मनावर घेत नसे. बायका एकमेकींना बांगड्यांवरून ओळखायच्या आणि वर थट्टाही करायच्या.

"बरं झालं बाई, पावडरीचा खर्च वाचला," असं रंजना म्हणायची.

रंजना वैजंताच्या शेजारच्याच खोलीत राहायची. जिवाभावाची मैत्रीण. उन्हाळ्यात काविळीनं गेली. शेवटचं कुंकू लावायची वेळ आली तेव्हा कपाळ नेमकं कुठं ते कळेना, म्हणून तिच्या आईनं अंदाजानंच बोट टेकवलं. मागे राहिली ती म्हातारी आणि रंजनाची सहा वर्षांची कार्तिकी. वैजंता कामावर गेली की तिची तनूही दिवसभर याच म्हातारीच्या नजरेखाली असे.

कामावर थट्टा चालायची, घरी मात्र वैजंताचा जीव कासावीस व्हायचा. तनू चार वर्षांची. जेवता जेवता घास हातात धरून विचारायची, "आई, तू कुठं बघतीस?"

"तुह्याकडंच बघते गं."

"खरं?"

पोरीचा विश्वास बसायचा नाही. पुढंपुढं तिनं विचारणंच सोडलं आणि झोपताना भिंतीकडं तोंड करायला लागली. वैजंताला आता दुसरं काही नको होतं. आपण लेकीकडं बघतोय हे लेकीला दिसावं, एवढंच.

ज्या कंपनीचे ते मोबाइल, तिच्या सामाजिक जबाबदारी विभागाच्या शर्वरी मॅडम दरवर्षी कारखाना तपासायला येत. बाई मनानं खरंच चांगल्या. पिण्याचं पाणी स्वतः पिऊन बघत, संडासाच्या कड्या लावून बघत, आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार स्वतः ढकलून बघत. सगळं ठीक निघे, कारण ते ठीकच होतं. यंदा त्यांनी बायकांना कँटीनमध्ये बसवलं आणि चहा सांगितला.

"आपले जुने फोन परत यायला लागलेत," त्या म्हणाल्या. "काचा आम्ही कोमट पाण्यात भिजत घालतो. चेहरे सुटून येतात. कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही, असं कंपनीचं धोरण आहे."

चेहरे दुधावरच्या सायीसारखे अलगद काढलेले होते, ओल्या फडक्यांत गुंडाळून आणले होते. मॅडम नाव पुकारत, बाई उठे, चेहरा लावून परत येई. कुणी हसलं, कुणी रडलं. "अगं, मी येवढी काळी व्हते?" असं एकीनं विचारलं आणि सगळ्या कँटीनला हसू फुटलं. वैजंता आपल्या नावाची वाट बघत राहिली. सगळ्यात शेवटी ती एकटीच उरली.

"तुमचा चेहरा ज्यावर उतरला तो फोन अजून आलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी वापरतंय. छान चाललाय."

"कधी यील?"

"सांगता येत नाही हो. भरपूर टिकावा असाच बनवलाय तो." मॅडमनी ट्रेमध्ये पाहिलं. "इथं एक राहिलाय. रंजना शेळके. त्या नाही आल्या?"

"वारली ती."

मॅडमचे डोळे भरून आले. मग त्यांनी अडचण सांगितली. चेहरा परत नेता येत नव्हता आणि टाकूनही देता येत नव्हता, कारण यंदापासून कचऱ्यात काहीही जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं.

"तुम्हीच घ्या. तुमचा आला की बदलून देऊ."

वैजंता नाही म्हणणार होती. पण भिंतीकडं वळलेली तनूची पाठ तिच्या डोळ्यांसमोर आली. कुणाचे का असेनात, डोळे तर आहेत. आई कुणीकडं बघते ते पोरीला कळेल तरी. तिनं चेहरा लावला. आधी गार लागला, मग ऊब धरून घट्ट बसला.

खोल्यांपाशी ती पोचली तेव्हा रंजनाची आई पायरीवर तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप सुटलं. तांदळावरूनच कार्तिकी धावत आली आणि वैजंताच्या कमरेला मिठी मारून "आई, आई" करायला लागली.

मी तुझी आई न्हाई गं, असं वैजंताला सांगायचं होतं. पण कार्तिकी दिसताच चेहरा आपणहून हसला. तोंडातून रंजनाचा घोगरा आवाज आला, "जेवलीस का गं बाळा?" वैजंतानं जबड्याखाली नखं घातली आणि ओढलं. रक्त आलं, चेहरा आला नाही.

"नगं काढू," म्हातारी म्हणाली. "घडीभर राहू दे. तुह्या पाया पडते."

वैजंतानं हात खाली घेतला. कार्तिकीला तसंच कडेवर उचलून ती स्वतःच्या दारापाशी गेली. तनू दारात उभी होती. वैजंतानं सगळा जीव डोळ्यांत आणून लेकीकडं पाहिलं. चेहऱ्यानंही पाहिलं, शेजारणीच्या पोरीकडं पाहावं तसं, मायेनं आणि बेतानं. त्याहून जास्त त्याला येतच नव्हतं.

"तनू," ती म्हणाली. आवाज घोगराच निघाला.

तनूनं तिला नीट निरखलं. पोर घाबरली नाही. आत जाऊन तिनं पेला भरला आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, बाहेर आणला.

"रंजनामावशी, बस. आई कामावर गेलीये. यीलच आता."

आणि पेला तिच्या हातात देऊन ती उंबऱ्यावर बसली, रस्त्याकडं तोंड करून.