घोडीच्या केसांचा दोर

मी एक जुनी गळाची काठी आहे, मित्रांनो. सध्या सेल्सोच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, दोन खिळ्यांवर आडवी पडलेली असते. धुराने काळी पडले आहे. तरी नाक मुरडू नका. एकेकाळी वाल्सेझियाच्या डोंगरात माझा तोरा काही वेगळाच होता.

माझा जन्म बोरूच्या बनातला. सेल्सोने मला थंडीत कापले, सावलीत वाळवले, घासूनपुसून गुळगुळीत केले. मला दोर गुंडाळायचे चाक नाही, कसली कळ नाही. टोकाला घोड्याच्या केसांचा पीळदार दोर आणि दोराच्या शेवटी गळावर बांधलेल्या पिसांच्या इवल्या माशा, एवढाच माझा संसार. सेल्सोने मनगट हलवले की माशी पाण्यावर अशी अलगद टेके, की भलाभला ट्राउट मासाही फसावा.

दोर वळायचे काम त्याची मुलगी डेल्फिना करी. तिला बापाने लहानपणीच दोन गोष्टी शिकवल्या होत्या. केस घ्यायचे ते घोड्याचे, घोडीचे नाही. घोडीची शेपटी तिच्याच मुताने भिजत राहते आणि केस कच्चे होतात. दुसरी गोष्ट म्हणजे दोर टाकण्याआधी पाण्यात हात घालायचा. मनगट गारठून दुखले नाही, तर गुमान घरी परतायचे. कोमट पाण्यात ट्राउट आधीच धापा टाकत असतो. त्याला ओढून दमवले, तर सोडून दिला तरी वाचत नाही.

त्या ऑगस्टमध्ये नदी पार आटली. सगळे ट्राउट गिरणीखालच्या डोहात, जिथे गार झरा मिळतो, तिथे दाटीवाटीने उभे होते. आणि तोंडावर संत बार्तोलोमेओचा सण! गावजेवणातली ट्राउटची पहिली थाळी दरवर्षी माझ्या जिवावर भरे. त्यात पाववाला ओत्ताव्यो गावभर सांगत सुटला होता की सेल्सो आता थकला.

"बाबा, पाण्यात हात घालून बघितलात?" डेल्फिनाने विचारले.

"सणाला कसला हात घालायचा?" सेल्सो खेकसला. "त्या पाववाल्यासमोर रिकामी टोपली नेऊ?"

"ते मासे झऱ्यापाशी श्वास घ्यायला जमलेत. पाणपोईवर आलेल्याचा गळा धरायचा का?"

"तू दोर वळ. शहाणपण नको."

तिने दोर वळला. मी कोपऱ्यातून बघत होते. शेवटच्या पदराला तिने गिरणीवाल्याच्या पांढऱ्या घोडीचे केस घेतले. असा दोर टिकणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

सणाच्या सकाळी अर्धे गाव डोहाकाठी जमले. माशी बांधताना सेल्सोने नेहमीप्रमाणे गाठ तोंडात धरून ओली केली आणि क्षणभर थबकला. डेल्फिनाकडे बघितले. मग तोच दोर ठेवून मला उचलले.

पहिला ट्राउट लागला. मी वाकले. तट्! दोर तुटला. दुसरी माशी बांधली, तीही गेली.

"काय रे सेल्सो," ओत्ताव्यो ओरडला, "मासे धरतोयस की त्यांना दागिने घालतोयस?"

सगळे खो खो हसले. सेल्सोने टोपली उपडी केली. "हात गेला, बाबांनो. यंदा मक्याचा पोलेंटा नुसत्या चीजशी खा."

दुसऱ्या दिवशी डेल्फिना डोहावरून मेलेला ट्राउट घेऊन आली. त्याच्या ओठात आमचीच माशी होती. ती रडू लागली. "बाबा, केस घोडीचे होते. मीच..."

"ठाऊक आहे. जिभेला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पक्का दोर बांधून ते दमलेले मासे धरावे लागले असते." सेल्सोने मासा हातात घेतला. "गावासमोर मागे फिरायची धमक नव्हती माझ्यात, पोरी. आणि हा त्यापायी गेला. माझ्यामुळे गेला, तुझ्यामुळे नाही."

त्याने मासा अंगणातल्या नासपतीखाली पुरला आणि मला खिळ्यांवर ठेवले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पाणी बर्फासारखे गार झाले. मला वाटले, आता उतरवील. पण नाही. तो पुन्हा मासे धरू लागला, तर लोक विचारतील की तेव्हा दोर कसा तुटला. मग सण बुडवल्याचे खापर पोरीच्या माथी फुटेल. म्हणून तो गप्प आहे. गाव अजून म्हणते, सेल्सोचा हात गेला. तसे नाही हो, मित्रांनो! तो हात मी ओळखते. आजही चुलीजवळून जाताना तो मला हळूच चाचपतो, तेव्हा बोटे जराही कापत नाहीत. हे ओरडून सांगावेसे वाटते, पण बोरूला कुठली वाचा?

एवढेच मागते. गळ टाकण्याआधी पाण्यात हात घाला. आणि कुणी रिकामी टोपली घेऊन परतला, तर त्याला हसू नका. कदाचित त्याने हात घालून बघितला असेल.