सोबत्याची साक्ष

महालक्ष्मीच्या जत्रेच्या दिवसांत आलेलं सुकीचं पत्र दशरथ गुरुजींनी पुन्हा पंचांगातून बाहेर काढलं. तीन महिने त्याला उत्तर गेलं नव्हतं. रानशेतच्या सुकीने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आणीबाणीला पन्नास वर्षं झाली म्हणून विधानसभेत तुरुंगात गेलेल्यांची नावं वाचणार आहेत. माझ्या बापाचा कागद कुठेच नाही. कोठडीतल्या सोबत्याची साक्ष चालते म्हणतात. तुरुंगात गेला म्हणून पाड्यावर त्याला अजून लाकूडचोर म्हणतात. गुरुजी, तुम्ही त्याच्याजवळ होता. दोन ओळी लिहा.'

उभा जन्म पुस्तकांत गेला, पण या दोन ओळींना बसले की गुरुजी पेनाचं टोपण काढत आणि पुन्हा लावत.

आज सभागृहात नावं वाचली गेली. सून सईने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. कुणा जुन्या विद्यार्थ्याने परस्पर कळवलेलं त्यांचं नाव यादीत होतं. सुकीच्या बापाचं, पांड्याचं, नव्हतं. तलासरीतले शेजारी पेढे घेऊन आले. गुरुजी किती महिने आत होते, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते पाणी प्यायला उठले.

सगळे गेल्यावर सई म्हणाली, "बाबा, पेढा तरी घ्या. कुणी मेल्यासारखं काय बसलात?"

"पांड्या मेलाच आहे. तेरा वर्षं झाली."

मग त्यांनी कागद ओढला. कोठडीत अकराव्या दिवशी माफीनामा पुढे आला होता. पांड्याला वाचता येत नव्हतं, गुरुजींनीच वाचून दाखवला. आपण चुकलो असं लिहिलंय का, एवढंच त्याने विचारलं आणि अंगठा मुठीत दाबून तो भिंतीकडे तोंड करून बसला. गुरुजींनी सही केली आणि दुपारच्या एसटीने घर गाठलं. पांड्या अठरा महिन्यांनी सुटला. हे सगळं लिहून त्यांनी शेवटी घातलं : 'माझं नाव काढा, त्याचं घाला.' एक प्रत विधानमंडळाच्या सचिवांना, एक सुकीला.

सईने वाचलं.

"लोक काय म्हणतील, बाबा?"

"त्याला म्हणत आले, तसंच काहीतरी."

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पेटीत दोन्ही पाकिटं पडल्याचा आवाज आला. गुरुजींनी खिडकीतल्या बाईंना विचारलं, "पेटी किती वाजता उघडता?"

"चारला. का, काही परत काढायचंय?"

"नाही."

पण ते घरी गेले नाहीत. पेटीकडे पाठ करून चार वाजेपर्यंत पायरीवर बसून राहिले.