साठ किलोच्या खाली

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. जुना आहे हे माझ्या गंजावरून तुम्हाला दिसतेच, ते वेगळे सांगत बसत नाही. माझ्यावर कोणी उभे राहिले की माझ्या गोल तबकडीवरचा काटा फिरतो आणि त्याचे वजन दाखवतो. माझे काम एवढेच. जन्मभर माणसांच्या पायाखाली राहिलो, पण खरे सांगतो, मान मात्र मी माणसांना फारसा कधी दिला नाही.

पुण्यातल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याचे अंग, आत जाड स्प्रिंग, वर काळी रबरी चटई आणि काचेखाली एकशेवीसपर्यंतचे आकडे. तिथून मला दौंडच्या एका दवाखान्यात आणले. तिथला कंपाउंडर सोपानराव मला रोज ओल्या फडक्याने पुसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "असा काटा आख्ख्या दौंडात न्हाई." ते दिवस चांगले होते. पेशंट मात्र एकेक नमुना. पोट आत ओढले की वजन उतरते, असे मानणारी शिकलेली माणसे मी तिथे पाहिली. खिशातला रुमाल काढून ठेवणारेही पाहिले. रुमाल!

अठ्ठ्याण्णव साली दवाखान्यात नव्या पद्धतीचा, आकडे चमकणारा काटा आला. मला शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्याने नेले. त्या कंपनीचा कबड्डीचा संघ होता. दरवर्षी कंपनीची माणसे कॉलेजच्या मैदानांवर जाऊन पोरे पारखायची आणि त्यांतली तीन-चार उचलायची. निवड झाली की नुसता संघ नाही, पर्मनंट नोकरीसुद्धा. म्हणून चाचणीच्या दिवशी गावे लोटायची. पोरे पहाटे उठून, अंघोळ करून, देवाला नाहीतर दर्ग्याला नमस्कार करून मैदानावर यायची.

आणि त्यांची पारख कोण करायचे? जयसिंग सर. एके काळी ते स्वतः खेळायचे म्हणे. मी त्यांना पाहिले तेव्हा त्यांचा खेळ गेला होता आणि पोट आले होते. त्यांच्या गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठ्याला अडकवलेला कागद. कागदावर उंची, वजन, छाती आणि धावण्याची वेळ असे रकाने होते. आधी ते पोराची मांडी दाबून बघायचे, मग पोटरी. बैलबाजारातला व्यापारीसुद्धा बैलाचे दात बघण्याआधी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. सरांना तेवढेही सुचत नसे. खेळ ते सगळ्यात शेवटी बघत, चहा पिता पिता. मित्रांनो, कबड्डी हा दमाचा खेळ. एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत पलीकडे जायचे, गडी मारायचे आणि श्वास तुटायच्या आत परत यायचे. पण सरांच्या कागदावर दमाचा रकानाच नव्हता.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्या तालुक्याला पाठ होता. "साठ किलोच्या खाली मी बघतच नाही." का, ते त्यांना कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनाही सांगता आले नसते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दोन हजार साली आमची फेरी निघाली. पहिल्या दिवशी कवठे येमाई, दुसऱ्या दिवशी केंदूर, तिसऱ्या दिवशी न्हावरे. मला जीपच्या मागे टाकले. खाली पोते नाही, वर दोरी नाही. कवठ्याच्या अलीकडे जीप खड्ड्यात आपटली आणि स्टेपनीचे चाक माझ्या अंगावर आले. माझा काटा जागेवर आणायचे एक लहान चाक बाजूला असते, त्यावरच ते आदळले. तेव्हापासून मी रिकामा उभा असलो, तरी माझा काटा शून्याच्या तीन रेघा मागे राहू लागला. म्हणजे साठ किलोचा माणूस माझ्यावर सत्तावन्न भरणार.

कोणीही पाहिले नाही. माझ्याकडे बघायचे ते माणूस उभा राहिल्यावर. मी एकटा असताना माझ्याकडे कोण बघतो?

मैदानावर मला मांडले, आणि रोजच्यासारखे आधी सर स्वतः चढले. आदल्या दिवशी ब्याऐंशी होते, आज एकोणऐंशी! त्यांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. "बघा, सकाळच्या चालण्याचा गुण!" असे त्यांनी ड्रायव्हरला सांगितले, मग कॉलेजच्या शिपायाला, मग चहावाल्यालाही. मी आतल्या आत हसत होतो. एका रात्रीत तीन किलो उतरले, यावर ज्याचा विश्वास बसतो तो म्हणे दुसऱ्याची पारख करणार! मला त्याची भारी मजा वाटली. इतकी, की पुढे काय होणार हे माझ्या ध्यानातच आले नाही.

त्या दिवशी कवठ्याला पाच पोरे सत्तावन्न-अठ्ठावन्न भरून साठच्या खाली निघाली. दुसऱ्या दिवशी केंदूरला तशीच सहा. सर नुसता हात हलवायचे आणि पोरगा शर्ट उचलून बाजूला व्हायचा. एकानेही विचारले नाही की असे कसे. मला त्यांचीही कीव आली नाही. अशा माणसाकडून पास व्हायची ज्यांना हौस आहे, त्यांनी भोगावे, असे मला वाटले.

तिसऱ्या दिवशी न्हावऱ्याला अलीम आला. शिरूरच्या बाजारात कांदा तोलणाऱ्या चांदभाईंचा हा मुलगा. सडपातळ, लांब हाताचा, कमी बोलणारा. त्याच्या दमाची गोष्ट पंचक्रोशीत सांगायचे. चढाईला गेला की समोरची पोरे दमायची, हा दमायचा नाही. त्या वर्षी त्याचे कॉलेज संपत होते. ही त्याची शेवटची संधी होती.

तो माझ्यावर उभा राहिला. मी सत्तावन्न दाखवले.

"बाजूला हो," सर म्हणाले.

तिथे पोपटराव उभे होते. कॉलेजच्या संस्थेचे संचालक, गावचे पुढारी, अंगात पांढरा कडक सदरा. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. ते पुढे झाले. "सर, पोरगं आपल्या गावचं हाय. अर्धा तास द्या फकस्त."

सरांनी घड्याळ बघून मान हलवली. पुढाऱ्याला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. छातीचा रकाना फक्त पोरांसाठी होता.

आप्पांनी दीड डझन केळी आणि पाण्याची कळशी मागवली. "खा रे अलीम. बाजारात न्यायच्या आदी लोकं जनावराला पानी पाजत्यात, तसंच हाय हे."

"आप्पा, लगीच खेळायचं हाय. पोट फुटंल."

"नोकरी हाय म्हनलं. फुटू दे!"

सगळा गाव त्या पोराला भरवायला लागला. कोणी केळे सोलून देतोय, कोणी तांब्या पुढे करतोय. सगळे अनुभवी, सगळे शहाणे. एवढ्या शहाण्यांत एकालाही वाटले नाही की खाली वाकून आधी काटा बघावा. अलीमने केळी कोंबली, पाणी ढोसले आणि पोटावर हात धरून तो पुन्हा माझ्यावर चढला.

साठ!

टाळ्या वाजल्या. सर म्हणाले, "बघ, मनात आणलं की वजन वाढतं." हे वाक्य मी आजही विसरलो नाही. लगेच शिट्टी वाजली आणि त्याला मैदानात उतरवले.

पहिल्या चढाईला त्याचा 'कबड्डी' चार पावलांत तुटला. दुसऱ्या चढाईला तो पलीकडे पोहोचला, वाकला आणि भर मैदानात सगळी केळी बाहेर आली. पोरे हसली. मघाशी केळी सोलून देणारेही हसले. सरांना कागदावर दमाचा रकाना सापडत नव्हता, म्हणून त्यांनी समासात लिहिले : दम नाही.

मला पहिल्यांदा कसेतरी झाले.

दुपारी बाजार उरकून चांदभाई एसटीने आले. अलीम लिंबाखाली बसून चूळ भरत होता. "काय झालं, बेटा?"

"अब्बा, सत्तावन्नच भरलो."

"सत्तावन्न? परवा कांद्याच्या काट्यावर मीच तोलला की तुला. साठ हुतास!"

ते उठले आणि सरळ माझ्याकडे आले. आयुष्य तोलण्यात गेलेला माणूस. त्यांनी उकिडवे बसून रिकाम्या तबकडीकडे पाहिले. तीन दिवसांत मी एकटा असताना माझ्याकडे बघणारे ते पहिलेच.

"साहेब," ते म्हणाले, "काटा तीन किलो मागं हाय."

"हा कंपनीचा काटा आहे," सर म्हणाले. "कांद्याचा नाही."

"कांदा असू द्या न्हाईतर मानूस. रिकामा काटा शून्यावर पायजे, साहेब."

सर वाकले. त्यांनी पाहिले. त्यांना दिसलेसुद्धा, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याच क्षणी त्यांचा हात आपोआप पोटावर गेला. काटा खोटा म्हटला की स्वतःचे एकोणऐंशीही खोटे! एका बाजूला पोराचा जन्म आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे तीन किलो, आणि या माणसाला विचार करावा लागत होता. शेवटी सर म्हणाले, "थोडं मागं-पुढं चालतं."

आप्पांनी मात्र गंमत हेरली. त्यांनी शेजारच्या भुसार दुकानातून वीस किलोचे लोखंडी वजन आणवले आणि माझ्यावर ठेवले. मी सतरा दाखवले. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "म्हंजी सरबी ब्याऐंशीच!" आणि सगळे मैदान हसायला लागले.

चांदभाई हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून ते लहान चाक अंगठ्याने हळूच फिरवले आणि मला शून्यावर आणले. अलीम रिकाम्या पोटाने उभा राहिला. साठ भरला. कोणाचे केळे नाही, कोणाचे पाणी नाही.

लाजेकाजेस्तव सरांनी त्याला उन्हे उतरल्यावर पुन्हा खेळवले. मित्रांनो, ती चढाई मी बाजूला उभा राहून ऐकली. त्याचा आवाज एकदाही हलला नाही. तो पलीकडे गेला, तीन गडी मारले, मागे खेचणाऱ्यांना ओढत रेषेपर्यंत आला आणि रेषा ओलांडल्यावरही त्याचे 'कबड्डी, कबड्डी' चालूच होते. सरांचा चहा हातातच गार झाला. त्यांनी कागदावर अलीमचे नाव सगळ्यात वर लिहिले.

लोक अलीमला खांद्यावर घेत होते, तेव्हा चांदभाई सरांपाशी गेले. "साहेब, कवठ्याला आन् केंदूरलाबी ह्योच काटा हुता न्हवं? तितल्या पोरांचं काय?"

"त्या याद्या कंपनीत गेल्या," सर म्हणाले.

आप्पांनी चांदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "चांदभाई, जागा चारच हायेत. ती पोरं आत आली तर कुनीतरी भायेर जानार. तुमचं लागलंय ना? मग कशाला उकरून काढता?"

चांदभाईंनी लोकांच्या खांद्यावरच्या आपल्या पोराकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं, आप्पा."

त्या 'बरं'साठी मला त्यांचा तिटकारा यायला हवा होता. तिटकारा करण्यात माझा हात कोण धरणार? पण तो आला नाही. त्यांनी निदान विचारले तरी. मी तर तीन दिवस हसत होतो.

त्यानंतर जयसिंग सर माझ्यावर कधी चढले नाहीत. मला खेळाच्या खोलीत जुन्या जाळ्यांखाली टाकले. पाच वर्षांनी कंपनीने संघच बंद केला. अलीमची नोकरी राहिली. तो स्टोअरमध्ये कामाला आहे, असे ऐकले. मला शिरूरच्या एका जिमवाल्याने नेले. त्याने मला रंग दिला, चाक फिरवून शून्यावर आणले आणि दाराशी ठेवले.

तिथे एका संध्याकाळी एक जाडसर गृहस्थ आपल्या लहान मुलीला घेऊन आला. केंदूरचा होता. माझ्यावर उभा राहिला, चौऱ्याऐंशी भरला आणि जिमवाल्याकडे बघून हसला. "काय सांगू, एक काळ हुता, कंपनीच्या चाचणीला तीन किलोनं राहिलो. सत्तावन्न भरलो हुतो."

"पप्पा, तुम्ही कबड्डी खेळायचा?" मुलीने विचारले.

"खेळायचो की, स्नेहल. समदे म्हनायचे, दम लय हाय ह्याला. पन अंगच न्हवतं माजं. वजनच भरंना, तर काय करनार? मग सोडून दिलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. आठ वर्षे तो हे खरे धरून जगत होता. मी त्याच्या पायाखालीच होतो. मला त्याला सांगायचे होते की बाबा, तू साठ होतास. पण मला वाचा नाही, फक्त आकडे आहेत, आणि ते चौऱ्याऐंशीवर थांबले होते. तो उतरला आणि मुलीचे बोट धरून निघून गेला.

मित्रांनो, मी सगळ्यांना हसलो, आणि त्या अकरा पोरांना घरी मीच पाठवले. आता माझे एवढेच मागणे आहे. मला पुसू नका, रंग देऊ नका, माझे कौतुकही करू नका. फक्त कोणाला माझ्यावर चढवण्याआधी खाली वाकून माझा काटा एकदा बघा. मी खोटे बोलत असलो, तरी माझा चेहरा असाच दिसतो.