दोरी कुठं बांधायची

स्टुलावर उभं राहून त्यानं छतावर पेन्सिलनं फुली मारली, तोच खालून बायकोचा आवाज आला.

"तिथं नको."

ही चौथी फुली. पहिली वॉशिंग मशीनच्या बरोबर डोक्यावर आली होती. झाकण उघडलं की लटकणाऱ्या कपड्यांत घुसलं असतं. दुसरीच्या आड दिवा आला, तिसरीच्या आड खोलीचं दार. धुण्याची खोली ती केवढी! दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहून आवाज द्यायचा. त्यात हा चार नळ्यांचा, दोरी ओढली की वरखाली होणारा कपड्यांचा स्टँड छताला टांगायचा होता. तीन फुल्या खोडरबरानं पुसून छताला काळे ढग आले होते.

"मग कुठं?"

"खिडकीकडं वीतभर सरका. वारा तिथूनच येतो."

"तिथं सळई लागेल."

"लागू दे की. सोळा वर्षं लोखंडच कापताय ना?"

त्यानं नजर छतावरच ठेवली. माणूस छताकडं बघत असला की खालच्याला त्याचा चेहरा दिसत नाही, एवढा तरी त्या कामात फायदा होता.

सोळा वर्षं त्यानं लेथवर काम केलं होतं आणि नऊ आठवड्यांपूर्वी कारखान्यातलं त्याचं खातं बंद होऊन नोकरी गेली होती. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी तो डबा घेऊन निघे, दोन-तीन कारखान्यांच्या फाटकांवर विचारपूस करी, पहारेकऱ्यांचे नकार ऐके आणि मग दिवसभर बसस्थानकाच्या शेवटच्या बाकावर बसून राही. घरी निघायच्या आधी तिथल्या नळामागं जाऊन, सायकलच्या दुकानातून मागून आणलेल्या डबीतलं ग्रीस बाह्यांना फासायचा. कारखान्यातून येणारा माणूस इस्त्रीतून काढल्यासारखा कसा येईल? उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. उद्या काय, तो रोज येतोच. आणि जितके दिवस गेले तितकं सांगायचं कठीण होत गेलं, कारण आता नोकरी गेल्याचं सांगून भागणार नव्हतं, खोटं बोलल्याचंही सांगावं लागणार होतं. त्याला खरी लाज या दुसऱ्या गोष्टीची वाटत होती.

त्यात हा स्टँड. सहा वर्षं कपडे गच्चीवर वाळत होते आणि सहा वर्षं तो 'रविवारी बघू' म्हणत होता. तिनंही कधी फार ताणून धरलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात अचानक तिनं धोशा लावला आणि काल स्वतःच जाऊन खोकं घेऊन आली. एवढी घाई कसली, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, "हवाय." बस्स, एक शब्द. चोराच्या मनात चांदणं. तेव्हापासून तिचं प्रत्येक वाक्य तो उलटून पालटून बघत होता.

"पाडा ना भोक," ती म्हणाली. "की आज नुसतं छताचं दर्शन?"

तिनं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्यानं तोंडाला रुमाल बांधला आणि ड्रिल चालू केलं. पांढरी भुकटी तिच्या केसांवर पडली, पण ती बाजूला झाली नाही.

"दहादा मोज, एकदा भोक पाड!" बाहेरच्या खोलीतून बाबा ओरडले. बाबा त्याचे वडील. याच कारखान्यात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्याला तिथं चिकटवलं तेही त्यांनीच, साहेबाकडं शब्द टाकून. कानांनी संप पुकारल्यापासून ते घरातल्या घरातही यंत्रं चालू असल्यासारखे बोलत.

"मोजलंय, बाबा!"

"आमच्या खात्यात एक जण होता, न मोजता भोकं पाडायचा!"

"मग?"

"मग काय, त्याला साहेब केला!"

एरवी ती हसली असती. हा विनोद तिच्या आवडीचा होता. आज तिनं फक्त केसांतली भुकटी झटकली.

"उद्या पाळी कोणती रे तुझी?" बाबांनी विचारलं. "गजर लावायचाय!"

दर रविवारी ते हे विचारत. येणाऱ्या आठवड्याचा गजर लावणं, एवढंच कारखान्याचं काम आता त्यांच्याकडं उरलं होतं आणि ते त्यात कधी चुकत नसत.

"सांगतो!" तो म्हणाला आणि प्रश्न पुन्हा येण्याआधी ड्रिल सुरू केलं.

चार भोकं झाली. सळई लागली नाही. प्लॅस्टिकचे प्लग ठोकून त्यानं दोन्ही कप्प्या छताला घट्ट बसवल्या, दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा सोडला, नळ्यांची चौकट सरळ येते की नाही ते पाहिलं. हात चालत होते तोवर त्याला बरं वाटत होतं. हातांना अजून नोकरी गेल्याचं कळलेलं नव्हतं.

मग तो भिंतीकडं वळला. दोरी ओढून झाली की ती गुंडाळून अडकवायला भिंतीत एक आकडा बसवायचा होता. त्यानं तिला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या खांद्याच्या उंचीवर खूण केली.

"वर घ्या," ती म्हणाली.

त्यानं चार बोटं वर खूण केली.

"अजून."

"अगं, ओले कपडे जड असतात. ओढताना तुला जोर लागायला नको?"

"अजून वर म्हटलं ना."

पेन्सिल वर वर सरकत गेली. शेवटी तिनं ती त्याच्या हातातून घेतली, त्यालाच खांदा धरून भिंतीशी उभं केलं आणि त्याच्या खांद्याजवळ आडवी रेघ मारली. शाळेत मुलांची उंची मोजतात तशी.

"इथं."

"इथं तुला अवघड जाईल."

"तुम्हाला नाही ना जाणार?"

"मी असतो का घरी धुण्याच्या वेळेला?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्याला समजलं असतं. ती नुसतीच बघत राहिली, मग फडकं घेऊन मशीनच्या झाकणावरची भुकटी पुसू लागली. पुसून स्वच्छ झालेली जागाच ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

त्यानं तिच्या रेघेवर भोक पाडून आकडा बसवला. वाद घालायचा त्याला धीर नव्हता.

पुन्हा स्टुलावर चढून दोरी कप्प्यांतून ओवून झाल्यावर त्यानं तिथूनच स्टँड ओढून पाहिला. चौकट हलली, वर चढू लागली आणि छताजवळची एक कप्पी अशी किंचाळली की बाहेरून बाबांचाही आवाज आला.

"तेल घाल तिला!"

त्यांना ऐकू गेलं म्हणजे कप्पी खरंच वाईट वाजत असणार.

"स्वयंपाकघरातलं तेल दे थोडं," तो म्हणाला.

"तेलानं धूळ धरेल. आठ दिवसांत पुन्हा बोंब." तिनं फडकं खाली ठेवलं. "ग्रीस लागेल."

"घरात कुठलं आलं ग्रीस?"

तो फार पटकन बोलला होता. ती खोलीबाहेर गेली. दाराशेजारच्या खुंटीवर त्याची कामाची पिशवी टांगलेली असे. तिच्या तळाशी, डब्याच्या खाली, जुन्या रुमालात गुंडाळलेली... त्याला स्टुलावरून उतरून धावावंसं वाटलं. पण धावून करणार काय? तो दोरी धरून तसाच उभा राहिला.

ती आली आणि तिनं मशीनच्या झाकणावर एक चपटी डबी ठेवली. झाकणाला पोचा होता. बाजूला सायकलचं चित्र होतं.

"हे लावा."

त्यानं दोरी हळूहळू सोडून चौकट खाली आणली. मग त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून." बाहेर जाऊ नये एवढ्याच आवाजात ती बोलत होती. "तुमचे कपडे धुतले की बादलीच्या तळाशी लोखंडाचा कीस राहायचा. खिशांतून, पँटच्या घड्यांतून निघायचा. महिन्यातून दोनदा तरी माझ्या बोटात कुसळ जायचं आणि रात्री तुम्ही सुईनं काढत बसायचात. मी ओरडायचे, तुम्ही म्हणायचात, हात हलवू नको." तिनं उजव्या हाताची बोटं त्याच्यासमोर धरली. "बघा. दोन महिने झाले. एक कुसळ नाही."

त्यानं बघितलं. बोटं साबणानं सुरकुतली होती. त्यांवर कुठं ओरखडाही नव्हता.

"आणि ग्रीस तुम्ही उजव्या हातानं फासता, म्हणून डावी बाही जास्त मळते. लेथवरचा माणूस पोटाला माखतो. एवढं तरी लक्षात ठेवायचं."

"सांगणार होतो मी."

"माहितीय."

"मग तू का नाही विचारलंस?"

"वाट बघत होते. आज सांगतील, उद्या सांगतील." तिनं पुढं केलेली बोटं मिटली. "नोकरी काय, जाते माणसाची. त्याचा मला राग नाही. पण सात आठवडे मी खोटे डाग घासत बसले हो. हात दुखेपर्यंत. ते खोटे आहेत हे कळूनसुद्धा घासत होते, कारण नाही निघाले तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय घालून बाहेर पडणार?"

तो स्टुलावरून खाली उतरला. नऊ आठवड्यांत पाठ करून ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही कामाचं नव्हतं.

"चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला.

"चुकलंच." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता ऐका. इस्पितळाच्या लाँड्रीत मला काम लागलंय. उद्यापासून. सकाळी सहाची पाळी."

"तुला?"

"का? विचारलं त्यांनी, अनुभव किती? म्हटलं, सोळा वर्षांचा. कुठला? म्हटलं, टर्नरचे कपडे धुतलेत. तिथल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, उद्याच ये."

त्याची नजर भिंतीवरच्या आकड्याकडं गेली. आकडा बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीला बसला होता, तिनं मारलेल्या रेघेवर. मग त्यानं वाकून ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळून झाली तरी तो गुंडाळतच होता.

"पांढरे आणि रंगीत वेगळे घालायचे," ती म्हणाली. "मशीनमध्ये. आणि जाड कपडे खिडकीच्या बाजूला टाकायचे. म्हणून स्टँड तिकडं घ्यायला लावला."

"बरं."

"काम मिळेपर्यंत. मग बघू."

त्यानं मान हलवली, डबी उघडली आणि स्टुलावर चढला. बोटाच्या टोकावर थोडंसं ग्रीस घेऊन त्यानं कप्पीच्या आसाला लावलं. कप्पी फिरवून पुन्हा लावलं. ते बोट बाहीला पुसायला निघाला आणि मध्येच थांबला. खालून तिनं फडकं वर केलं. त्यानं त्याला बोट पुसलं.

तेवढ्यात दारात बाबा आले, हातात गजराचं घड्याळ आणि कपाळावर चष्मा. दोन्ही काटे त्यांनी आधीच जुळवून ठेवले होते. किल्ली तेवढी पिळायची बाकी होती.

"पाळी सांगितली नाहीस तू. पहिली ना? पाचचा लावू?"

ती काहीतरी बोलणार होती. वाक्य तिच्या तोंडावर आलेलं त्याला दिसलं; ती त्याला सावरून घेणार होती, जशी सात आठवडे घेत आली होती. त्यानं तिच्या आधी तोंड उघडलं. मोठ्यानं बोलावं लागलं, बाबांना ऐकू जायला हवं होतं.

"लावा, बाबा. पण मला नाही. हिला जायचंय कामावर. मला दोन महिने झाले, काम नाही. खातं बंद केलं त्यांनी."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आधी त्याच्याकडं पाहिलं, मग सुनेकडं, मग मशीनवरच्या डबीकडं. ती डबी त्यांनी उचलून चित्राच्या बाजूनं बघितली आणि जिथं होती तिथं परत ठेवली. बराच वेळ ते घड्याळाची किल्ली दोन बोटांत धरून उभे राहिले. तो स्टुलावर आणि ती खाली, दोघंही त्या किल्लीकडं बघत होते.

"साडेचारचा लावतो मग," बाबा त्याला म्हणाले. "तुला हिचा डबा करायला वेळ लागेल."

आणि किल्ली पिळत ते परत आपल्या खोलीत गेले.

ती खाली वाकली. बादलीत सकाळचे कपडे पिळून ठेवले होते. तिनं त्यातला त्याचा कामाचा शर्ट काढला, झटकला आणि त्याच्याकडं दिला. तो स्टुलावरून उतरला, शर्ट खिडकीकडच्या नळीवर पसरला, दोन्ही बाह्या सरळ केल्या आणि दोरी ओढली. स्टँड छताकडं वर गेला. या वेळी कप्पी वाजली नाही.