काही खेळाडू

मंगळवार, १० फेब्रुवारी १९९८. दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी धुळ्याचं पाकीट दैनिकाच्या जळगावच्या कचेरीत पोचलं. नेहमीपेक्षा पाऊण तास उशिरा.

"हाई ल्या भाऊ," शिपाई निंबाने ते टेबलावर ठेवलं. "एरंडोलजोडे गाडी पंक्चर व्हयनी."

गिरधर भंगाळेने पाकीट कडेने फाडलं. आत पाच बातम्या, दोन फोटो आणि पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत रबराने बांधलेली एक फ्लॉपी. बातम्या त्याने उजव्या हाताला ठेवल्या आणि फ्लॉपी घेऊन उठला. धुळ्याचं पान लावायचं काम त्याचंच होतं, त्यामुळे आधी काय उघडायचं हे विचारणारं कोणी नव्हतं.

"लढाई आली वाटतं," कमलबाई कंपोझिंगच्या मशीनवरून उठत म्हणाल्या. "वीस मिनिटं देते भाऊ. मग मला निधनवार्ता टाकायच्यात. गेलेली माणसं थांबतील, त्यांचे नातेवाईक नाही थांबत."

फ्लॉपीत संगणकावरच्या एका खेळाची एक चाल होती. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. खेळणारे दोघं त्याला नुसतं 'पट' म्हणत. एक खेळाडू गिरधर, दुसरे धुळे कार्यालयाचे वार्ताहर आधार बैसाणे. पटावर दोन राजे, त्यांची गावं, गड, घोडदळ. एकाने आपली चाल पुरी करायची, मग दुसऱ्याने. समोरच्याचं सैन्य कुठे आहे ते आपल्याला दिसत नाही, त्याला आपलं दिसत नाही. धुळ्याच्या कचेरीत मोडेम होता, पण लाइन टिकत नसे, म्हणून बातम्या एसटीनेच येत. त्याच पाकिटात आधारभाऊंनी चाल पाठवायची, आणि चारच्या परतीच्या गाडीने, कोऱ्या फिल्म-रोलांसोबत, गिरधरची चाल जायची.

पहिला पट आठ महिने चालला होता. एकशे चाळिसाव्या चालीला आधारभाऊंचा शेवटचा गड पडला. संपादक रुपचंद नानांनी सूचना-फलकावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'जळगावने धुळे घेतले.' धुळ्यात प्रेस-फोटोग्राफरपासून चहावाल्यापर्यंत सगळे आधारभाऊंना 'काय राजे' म्हणत होते.

तो विजय खरा नव्हता, आणि हे एका माणसाला ठाऊक होतं.

पहिल्या पटात पासवर्ड नव्हता. आपली चाल संपली की पडद्यावर एक ओळ यायची, दुसऱ्या खेळाडूने कोणतीही कळ दाबावी अशी. त्या वेळी खेळ फ्लॉपीवर साठवायचा, फ्लॉपी काढायची, पाकिटात घालायची. नव्वदाव्या चालीपर्यंत गिरधरने हेच केलं. एक्क्याण्णवाव्या चालीला, हरण्याच्या बेतात असताना, फोन घ्यायला वळताना त्याचं कोपर कीबोर्डवर पडलं आणि आधारभाऊंची बाजू समोर उघडली. डोंगरामागे लपवलेलं घोडदळ, अर्धवट बांधलेला गड, सगळं. फोन संपल्यावर त्याने मशीन बंद करायला हवं होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली. ब्याण्णवाव्या चालीपासून कोपर लागलं नाही. त्याने बोटाने कळ दाबली. शेवटपर्यंत, रोज.

हरणाऱ्याने जेवायला घालायचं असं ठरलं होतं. डिसेंबरात एका रविवारी गिरधर धुळ्याला गेला. जळगावची वांगी त्यानेच नेली होती. मंजुळावहिनींनी भरीत केलं, कळण्याची भाकरी केली. जेवण झाल्यावर आधारभाऊंनी सतरंजीवर आलेख-कागद पसरले. आठ महिन्यांची प्रत्येक चाल त्यांनी रंगीत पेन्सिलींनी उतरवून ठेवली होती.

"हे बघ," ते म्हणाले. "चौऱ्याण्णवावी. माझं घोडदळ डोंगरामागे. तिथे तुझं माणूस कधी गेलेलं नाही. तरी तू खिंड अडवलीस. कसं कळलं?"

"अंदाज," गिरधर म्हणाला.

आधारभाऊंनी कागदाच्या कडेला लिहिलं, 'अंदाज.' मग बोट पुढे सरकवलं.

"आणि एकशे दोन?"

"तोही अंदाजच."

तेही त्यांनी लिहिलं. वहिनी ताटं उचलत होत्या.

"भाऊ, तुम्ही एकदा यांना सांगूनच टाका कुठं चुकलं ते," त्या म्हणाल्या. "नाताळच्या सुट्टीत नाशिकला जायचं म्हणे, आता म्हणतात आधी कागद तपासतो. इतकी तर कोर्टाची बातमी कधी तपासली नाही."

"वहिनी, ते चांगलंच खेळले," गिरधर म्हणाला. हे खरं होतं, आणि तेच बोलताना त्याला ताकाचा पेला तोंडाला लावावा लागला.

आता खेळाचा दुसरा भाग आला होता. नाशिकच्या कुणाकडून सीडी आली, ती गिरधरने दोन्ही कचेऱ्यांत घातली. रुपचंद नानांनी सोमवारच्या बैठकीत हुकूम सोडला होता: रविवार पुरवणीत खेळाविषयी आठशे शब्द. "तू जिंकलेला माणूस आहेस. नव्या भागात काय आहे, जुन्याहून बरा आहे का, सरळ लिही. पोरं वाचतील, त्यांचे बापही वाचतील. शुक्रवारी दुपारी मजकूर हवा."

तेव्हा ही मंगळवारची चाल त्याने खेळाडू म्हणून आणि वार्ताहर म्हणूनही उघडली. शेजारी कागद ठेवला आणि टिपणं काढली. चौकोनी घरांऐवजी आता सहाकोनी घरं, मधमाशीच्या पोळ्यासारखी. नदी ओलांडताना घोडदळाची एक चाल वाया जाते. कोठारापासून फार लांब गेलेलं सैन्य उपाशी पडतं आणि आपोआप घटतं, त्यामुळे पहिल्या भागातली सरळ मुसंडी इथे चालणार नाही. गावावर कर वाढवला तर गाव फिरतं. आवाज चांगले, पण जुन्या मशीनवर नकाशा सरकायला वेळ लागतो. शेवटचं टिपण: प्रत्येक खेळाडूला स्वतःचा पासवर्ड.

स्वतःचा पासवर्ड त्याने आदल्या आठवड्यात टाकला होता. त्याने चाल संपवली, फ्लॉपीवर साठवली. पडद्यावर तीच जुनी ओळ आली, दुसऱ्या खेळाडूने कळ दाबावी. आता कळ दाबली की पासवर्डची चौकट येणार. ती दिसते कशी, चुकीचा शब्द टाकला तर खेळ काय म्हणतो, हे लेखात हवं होतं. त्याने मनाशी हे कारण नीट मांडलं आणि कळ दाबली.

चौकट आली नाही. नकाशा उघडला. नदीकाठी दोन गावं, एक गड, पुलाजवळ घोडेस्वार.

पडद्याचं बटण बंद करायला त्याला चार-पाच सेकंद लागले. घोडेस्वार सात होते. मोजले नाहीत, असं तो स्वतःला सांगू शकला नाही.

"झालं?" कमलबाईंनी विचारलं.

"एक मिनिट," तो म्हणाला आणि धुळ्याचा फोन लावला.

"आधारभाऊ, तुमचा पासवर्ड टाकायचा राहिलाय."

"राहिला नाही. रिकामा सोडला."

"का?"

"लक्षात राहत नाही रे. घरचा फोन नंबरसुद्धा मंजुळाला विचारतो मी." ते हसले. "आणि फ्लॉपी तर तुझ्याकडेच येते. तिसरं आहे कोण मधे? कंडक्टर?"

रिकामा आहे हे तुला कसं कळलं, असं ते विचारतील म्हणून गिरधर थांबला. त्यांनी विचारलं नाही.

"लेख कधी येतोय तुझा?"

"या रविवारी."

"पासवर्डचं लिही त्यात. नवी गोष्ट आहे. आणि पहिल्या भागात नव्हता तर काय होत होतं, तेही लिही. वाचणाऱ्याला कळायला पाहिजे, कशासाठी आणला ते."

"लिहितो."

शुक्रवारी सकाळी त्याने लेख लिहिला. कोठारं, नद्या, फिरणारी गावं, हे सारं तासाभरात झालं. पासवर्डच्या परिच्छेदाशी तो अडला. आधी लिहिलं: 'पहिल्या भागात समोरच्याची बाजू उघडून पाहता येत असे. प्रस्तुत लेखकाने ती पन्नास वेळा पाहिली.' वाक्य सरळ होतं, आकडाही बरोबर होता. त्याने ते दोनदा वाचलं. सूचना-फलकावरची नानांची ओळ अजून पुसलेली नव्हती. टेबलावरून ती दिसत होती. त्याने दुसरं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: 'काही खेळाडू याचा गैरफायदा घेत.' मजकूर कमलबाईंकडे दिला. त्यांनी तो एकही शंका न काढता कंपोझ केला.

रविवारी लेख छापून आला. नानांना आवडला.

सोमवारी सकाळी अकरा वाजता आधारभाऊंचा फोन आला. रोजच येत असे, छापलेल्या पानातल्या चुका सांगायला.

"शिंदखेड्याच्या बातमीत तीन बैल मेले छापलंय. दोन होते. मी दोन लिहिले होते."

"उद्या दुरुस्ती देतो."

"दे. तिसरा जिवंत आहे, मालक सकाळीच येऊन बसलाय इथे." मग ते म्हणाले, "आणि तुझा लेख वाचला."

"हं."

"चांगला आहे. कोठाराचं छान समजावलंस. एकच. 'काही खेळाडू' म्हणजे किती?"

गिरधरने रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला.

"आपला तालुक्याचा वार्ताहर 'काही' लिहून पाठवतो, तेव्हा मी त्याला फोन करतो," आधारभाऊ म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, बैलांबद्दल बोलताना होता तसा. "किती, ते विचारतो."

"एक," गिरधर म्हणाला.

"नाव?"

लाइनवर खरखर होती. कमलबाई कीबोर्डवर होत्या. त्यांची बोटं थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"भंगाळे," तो म्हणाला. "गिरधर भंगाळे."

"कधीपासून?"

"एक्क्याण्णवाव्या चालीपासून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग आधारभाऊ म्हणाले, "बरं. पुढचं लिहून घे. नगरपालिकेची सभा तहकूब. ठराव क्रमांक एकोणीस." आणि त्यांनी बातमी सांगितली, नेहमीसारखी, स्वल्पविरामांसकट. गिरधरने ती उतरवून घेतली. शेवटी त्यांनी "ठेवतो" म्हटलं.

मंगळवारी बैलांची दुरुस्ती छापली गेली. लेखाची कोणी मागितली नव्हती, आणि त्याने दिली नाही. त्या दुपारी तो फलकासमोर उभा राहून नानांची ओळ हाताच्या तळव्याने पुसत असताना नाना खोलीतून बाहेर आले.

"का रे? राहू दे की. धुळेवाल्यांना झोंबते."

"जुनी झाली नाना," तो म्हणाला.

मंगळवारच्या पाकिटात चार बातम्या होत्या, फ्लॉपी नव्हती. बुधवारीही नव्हती. गुरुवारी एक फोटो जास्त होता. रोज सकाळी अकराला फोन येत राहिला, चुकांचा; त्यात दुसरा विषय निघाला नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी पाकीट आलं. आत तीन बातम्या आणि पुठ्ठ्यांत बांधलेली फ्लॉपी. चिठ्ठी नव्हती. गिरधरने पुठ्ठे उलटून पाहिले, पाकीट झटकलं.

त्याने आपला पासवर्ड टाकून आपली बाजू उघडली. पुलापलीकडे काय आहे ते तिथून दिसत नव्हतं. घोडेस्वार अजून सात असतील, किंवा दुसरीकडे गेले असतील; गेल्या आठवड्यातल्या चाली त्याने नकाशाच्या दुसऱ्या टोकालाच खेळल्या होत्या. पुलाकडे सैन्य न्यावं, तर ते माहिती असल्यामुळे नेलं असं होणार होतं. मुद्दाम टाळावं, तरी तेच. अर्धा तास त्याने काही हलवलं नाही. मग एका गावाचा कर कमी केला, चाल संपवली, फ्लॉपीवर साठवली, फ्लॉपी काढून पुठ्ठ्यांत बांधली आणि निंबाच्या हातात दिली.

पडद्यावर ओळ आली होती. दुसऱ्या खेळाडूने कोणतीही कळ दाबावी.

आधारभाऊंनी या वेळी पासवर्ड टाकला होता की पुन्हा रिकामा सोडला होता, हे कळ दाबली की कळणार होतं. दुसरा मार्ग फोनचा होता. फोन टेबलावर, हाताशी होता.

"भाऊ, मशीन," कमलबाई म्हणाल्या. "आज सात निधनवार्ता आहेत."

"देतो."

चार वाजता धुळ्याची गाडी सुटली. चार वाजून पाच मिनिटांनी ती ओळ पडद्यावर होती, कमलबाई कागदांचा गठ्ठा घेऊन खुर्चीमागे उभ्या होत्या, आणि गिरधरचे दोन्ही हात टेबलाखाली, मांड्यांवर होते.