फुलांखालचा दोर

"चढली! चढली!"

मुलुंडच्या डोंगरालगतच्या बंद खडी-खाणीत माणसं बेभान ओरडत होती. पूर्वी दगड वाहण्यासाठी टाकलेल्या अरुंद रुळांवर एक लोखंडी डबा आपोआप चढ चढत होता. इंजिन नाही, ढकलणारं कोणी नाही. डब्यात माझ्या शेजारच्या वनमालाची लेक जान्हवी हात जोडून बसलेली. डोंगरनाथ महाराज माइकवर गर्जत होते, "देवी आई ओढतेय! रोग खाली, भक्त वर! रोज सुया टोचणारा डॉक्टर मोठा की आई मोठी?"

हे मी मोबाइलवर पाहिलं. तेव्हा जान्हवी आयसीयूत बेशुद्ध होती. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या त्या पोरीचं इन्सुलिन महाराजांच्या शब्दावर बंद केलं होतं.

"वनमाला, डोकं गहाण टाकलंस का गं?"

"रुचिराताई, गाडी खरीच आपसूक चढली. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. रुळांच्या मधोमध झेंडूचा जाड थर होता. ढोल घुमला, आणि डबा अजून पायथ्याशी असतानाच माथ्याजवळची फुलं सळसळली. फुलांखाली काहीतरी सरकत होतं.

जान्हवी शुद्धीवर आली त्या रविवारी मी वनमालाला घेऊन खाणीत गेले. या वेळी डब्यात लकवा झालेले एक आजोबा होते. ढोल सुरू होताच आम्ही माथ्यावर, पत्र्याच्या कुंपणामागे शिरलो.

तिथे खाणीचं जुनं चाक होतं, ताजं ग्रीस चोपडलेलं. त्यावरून तारेचा दोर गेला होता. त्याच्या एका टोकाला आजोबांचा डबा, आणि डोंगराच्या पलीकडच्या उतारावर दुसऱ्या टोकाला दगडांनी भरलेला डबा. दोन चेले चाकाचा ब्रेक सैल सोडत होते. भरलेला डबा खाली जाई, हलका वर येई. खाणीत दगड असाच उतरवत. विहिरीच्या रहाटाला दोन घागरी बांधाव्यात, तसं. चाकाची करकर दडवायला ढोल, दोर दडवायला झेंडू!

आजोबा वर पोचले. त्यांना उतरवून घेतल्यावर वनमालाने कुंपणाचा पत्रा असा खेचला, की तो आडवा झाला आणि चाक, दोर सगळं गर्दीसमोर उघडं पडलं.

"मेल्या!" ती महाराजांवर मालवणीत किंचाळली. "माझ्या चेडवाचा इन्सुलिन तू सोडूक लावलंस! मरता मरता वाचली ती!"

"दोर निमित्तमात्र," महाराज चाचरले. "शक्ती आईची..."

"मग दोर सोडते," मी म्हणाले. "बसा डब्यात आणि चढा!"

ते बसले नाहीत. पोलीस येईपर्यंत लोकांनी त्यांना हलू दिलं नाही. ते आजोबा मात्र विचारत राहिले, "म्हणजे माझा हात आता बरा होणार नाही?" मला तेव्हा जितका संताप आला, तितका आयुष्यात कधी आला नव्हता.

जान्हवी आता शाळेत जाते, इन्सुलिन घेऊन. सगळ्यांचं नशीब असं नसतं. म्हणून सांगते, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी चाकामागे जाऊन बघा. तिकडे जायला जो अडवतो, त्याच्या तोंडावर प्रश्न विचारा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून चालू औषध बंद करू नका. आईच्या नावाखालीसुद्धा नाही.